फोटोंसाठी हलका लॅपटॉप: आधी स्क्रीनची चौकशी

प्रश्न: मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवते. फोटोग्राफी आधी छंद होता, आता सुट्टीच्या दिवशी साखरपुडे, हळदी, छोटी लग्नं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कासची फुलं असं चालू असतं. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस आहे. लॅपटॉप जुना, १५.६ इंची, मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला. रात्री स्वयंपाकघर आवरलं की फोटो एडिट करायला लाइटरूम उघडते. पण लॅबमधून अल्बम येतो तेव्हा फोटो अंधारे आणि निळसर दिसतात. उलट कासचे फोटो ग्रुपवर टाकले की मैत्रिणी म्हणतात, 'रंग केवढे भडक केलेस!' माझ्या स्क्रीनवर तर ते फिकेच दिसतात. आता नवा लॅपटॉप घ्यायचाय. बजेट ९० हजार, ओढूनताणून एक लाख. एसटीने फिरते, म्हणून हलका हवा. भाचा म्हणतो गेमिंगवाला घे, ग्राफिक कार्ड मिळेल. दुकानदार म्हणतो मॅकबुक एअर घ्या, डोळे झाकून. अल्बमवरची नावं मी श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते, ते चालवायला यूएसबीत लावायचं डोंगल आहे. ओलेड स्क्रीन डोळ्यांना वाईट असते का? ४के लागतं का? नाव छापू नका.

उत्तर:

ताई, नमस्कार.

स्क्रीन डोळे झाकून घ्यायला सांगणारा दुकानदार तुम्हाला भेटला, हे वाचून हसू आलं. निकाल आधीच सांगून टाकतो. भाच्याचा गेमिंग लॅपटॉप नको. मॅकबुक एअर चांगली आहे, पण तुम्हाला नको, आणि तिथे अडचण स्क्रीनची नाही, श्रीलिपीची आहे. तुम्ही १४ इंची, सव्वा ते दीड किलोचा विंडोज लॅपटॉप घ्या. स्क्रीन निदान पूर्ण एसआरजीबी (लॅब आणि इंटरनेट वापरतात तो रंगांचा ठरलेला संच) दाखवणारी, रॅम १६ जीबी, प्रोसेसर इंटेलचा नाहीतर एएमडीचा. तुमच्या बजेटमध्ये हे बसतं. पण त्याआधी जुन्या लॅपटॉपकडे वळू, कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन अशा आहेत की नवं मशीन आणलंत तरी त्या घरातच राहतील.

पहिली तक्रार, छापील फोटो अंधारे. तुम्ही रात्री काम करता, खोलीत बहुधा एकच ट्यूब, आणि स्क्रीनचा ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवलेला. खरं ना? जुन्या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर साधारण २२० ते २५० निट्स उजेड देते. छपाईसाठी फोटो तयार करताना हा आकडा ८० ते १२०च्या दरम्यान ठेवायचा असतो. म्हणजे तुम्ही दुप्पट उजेडात फोटो बघताय. असा फोटो डोळ्यांना छान उजळ वाटतो, म्हणून एक्स्पोजर वाढवायची गरज वाटत नाही, कधी कधी तर आपण तो कमीच करतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे अल्बमात तोच फोटो बसकन मारतो. आता गंमत बघा: नव्या लॅपटॉपची स्क्रीन ४०० किंवा ५०० निट्सची असेल. तीही अशीच शेवटपर्यंत वाढवून वापरलीत तर अल्बम आजच्यापेक्षा अंधारे येतील, आणि दोष नव्या लॅपटॉपला लागेल.

आज रात्रीच एक करून बघा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान पूर्ण मोठं करून उघडा. शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद धरा, त्याच ट्यूबच्या उजेडात. आता ब्राइटनेस कमी करत या, स्क्रीनचं पांढरं आणि कागदाचं पांढरं सारखं वाटेपर्यंत. बहुतेकांची पट्टी अर्ध्याच्याही खाली येते आणि पहिली प्रतिक्रिया असते, 'एवढ्या अंधारात काम कसं करायचं?' एक-दोन दिवसांत डोळे रुळतात. त्या पातळीवर एक जुना फोटो पुन्हा एडिट करा आणि छापून आणा. फरक लगेच कळेल.

दुसरी तक्रार निळसर रंगाची. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जा आणि 'नाइट लाइट' चालू आहे का पाहा. मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप, तेव्हा डोळ्यांची काळजी म्हणून कुणीतरी ते चालू करून ठेवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. सूर्यास्तानंतर ते आपोआप सुरू होतं आणि सगळी स्क्रीन पिवळट करतं. नवरीचा चेहरा पिवळा दिसतो, म्हणून तुम्ही टेम्परेचरची पट्टी निळ्याकडे सरकवता. लॅबच्या मशीनला तुमच्या नाइट लाइटची काय खबर! ते बिचारं सांगितलेला निळा छापून मोकळं होतं. शाळा सुटल्यावर दुपारी एडिट केलेले फोटो ठीक आणि रात्रीचे निळसर, असं होत असेल तर चोर सापडलाच.

आणखी दोन गोष्टी बंद करा. एक म्हणजे आपोआप बदलणारा ब्राइटनेस, तो त्याच जागी. दुसरी जास्त छुपी आहे, ती इंटेल किंवा एएमडीच्या स्वतःच्या ग्राफिक्स अॅपमध्ये सापडते: बॅटरीवर चालताना इंटेलच्या ग्राफिक्समधली 'डिस्प्ले पॉवर सेव्हिंग' आणि एएमडीची 'व्हॅरी-ब्राइट' ही सोय फोटो बघून कॉन्ट्रास्ट बदलत राहते. रिसेप्शनचा काळोखा फोटो उघडला की दोन-तीन सेकंदांत स्क्रीन हळूच वेगळी दिसायला लागते, ती यामुळे. नव्या लॅपटॉपवर पहिल्या दिवशी आधी हे बंद करायचं, मग लाइटरूम टाकायचं.

तिसरी तक्रार मात्र खरोखर लॅपटॉपची. मॉडेल तुम्ही लिहिलं नाहीत, पण स्वस्तातल्या १५.६ इंची लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास सापडते: '४५% एनटीएससी, २५० निट्स'. सगळी गोम या ओळीत आहे. एनटीएससी हे १९५३ सालचं अमेरिकन रंगीत टीव्हीचं मानक. आपलं काम चालतं एसआरजीबीत, जे एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६मध्ये पुढे आणलं. लॅब तेच मागते, इंटरनेट त्याच्यावरच चालतं. एसआरजीबीचा पसारा एनटीएससीच्या साधारण ७२ टक्के. म्हणून ४५ला ७२ने भागा, येतात ६२ टक्के. तुमच्या स्क्रीनला जेवढे रंग दाखवता यायला हवेत, त्यातले दोन-तृतीयांशही ती दाखवत नाही. बारा खडूंच्या पेटीतले चार गडद खडू काढून घेतले आणि वर सांगितलं की आता तेरड्याचं चित्र काढा, अशातली ही गत.

लाल, हिरवा, निळा या तिन्ही टोकांचे रंग अशा स्क्रीनवर आत ओढले जातात. तेरड्याचा गुलाबी मळकट दिसतो, हळदीचा पिवळा आजारी, शालूचा लाल विटकरीकडे झुकलेला. तुम्ही सॅच्युरेशन वाढवून वाढवून तो डोळ्यांना बरा दिसेपर्यंत नेता. मैत्रिणींच्या फोनची स्क्रीन पूर्ण एसआरजीबी, बऱ्याचदा त्याहून जास्त दाखवते. तिथे तोच फोटो भडक. त्या बरोबर बोलतायत.

तेव्हा लॅपटॉप बघताना प्रोसेसरच्या आधी ही ओळ शोधा. '१००% एसआरजीबी' लिहिलं असेल तर ठीक. '७२% एनटीएससी' म्हणजेही जवळपास तेच. 'डीसीआय-पी३' असेल तर त्याहून मोठा पसारा. आणि रंगांबद्दल चकार शब्द लिहिलेला नसेल तर ४५ टक्केच समजून पुढे चला; कुठलीही कंपनी चांगली स्क्रीन बसवून गप्प बसत नाही. नुसत्या 'आयपीएस' शब्दावर जाऊ नका. त्याने एवढंच कळतं की बाजूने बघितल्यावर रंग फार पालटत नाहीत. ४५ टक्क्यांच्या आयपीएस स्क्रीनही ढिगाने विकल्या जातात. 'फुल एचडी', 'अँटी-ग्लेअर', 'मायक्रो-एज' या शब्दांचा रंगांशी काही संबंध नाही. उजेड ३०० निट्सच्या खाली नको, ४०० असेल तर दिवसा खिडकीजवळही बसता येईल.

अजून एक फसवणूक, किंवा फसगत म्हणू. एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन घालून विकला जातो. नाव तेच, रंग तोच, किमतीत थोडासा फरक. ओळख पटते ती मॉडेल नंबरच्या शेवटच्या अक्षरांवरून. दुकानात बॉक्सवरचा पूर्ण नंबर फोनमध्ये टिपून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच नंबरचं पत्रक काढा. नोटबुकचेक नावाची साइट आहे, ती तपासायला घेतलेल्या लॅपटॉपची स्क्रीन यंत्राने मोजून किती टक्के एसआरजीबी, किती निट्स, रंगांची चूक किती हे छापते. रंगांची चूक सांगणाऱ्या त्या आकड्याला डेल्टा ई म्हणतात. तो २च्या आत असेल तर डोळ्यांना फरक सहसा कळत नाही. यूट्यूबवर लॅपटॉप हातात फिरवून 'कलर्स एकदम पंची' म्हणणाऱ्यांपेक्षा हे तक्ते वाचलेले बरे.

आता ओलेड, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशी स्क्रीन. डोळ्यांना वाईट का, हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच ओलेड स्क्रीन उजेड कमी करण्यासाठी फार वेगाने चालू-बंद होत राहतात. बहुतेकांना ते जाणवत नाही, काहींचं मात्र तासाभरात डोकं धरतं. तुम्ही त्यातल्या आहात का, हे तुम्हीच ठरवू शकता. दुकानात ब्राइटनेस पाव भागावर आणा आणि पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसून काहीतरी वाचा. दुकानदार घड्याळ बघेल, बघू दे. तुमचा आजचा फोन ओलेड असेल आणि रात्री कमी उजेडात तो वापरून त्रास होत नसेल, तर लॅपटॉपचाही बहुधा होणार नाही. आसुसच्या लॅपटॉपांत हे लुकलुकणं टाळायची सोय माय-आसुस अॅपमध्ये दिलेली असते.

फोटोंसाठी ओलेड सुंदर असते यात वाद नाही. काळा खरोखर काळा दिसतो, रंग भरघोस. पण एक धोका ध्यानात ठेवा. ओलेडवर नवरदेवाच्या काळ्या सुटातल्या सुरकुत्याही दिसतात. कागदावर त्या गडप होतात, कारण छपाईचा काळा एवढा खोल जात नाही. अल्बमसाठी शॅडोजची पट्टी स्क्रीनवर वाटते त्याहून थोडी वर ठेवायची सवय लावून घ्या. ओलेड चकचकीतही असते, मागे खिडकी असेल तर फोटोत तुमचाच चेहरा. आणि टास्कबारसारखी एकाच जागी तासन्‌तास राहणारी गोष्ट कालांतराने स्क्रीनवर डाग पाडू शकते, म्हणून टास्कबार आपोआप लपवायचा, आणि दोन मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन बंद व्हायला लावायची.

पण ओलेडची आणि एकूणच मोठ्या रंगपसाऱ्याच्या स्क्रीनची खरी गोची वेगळीच आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. पी३चा पसारा एसआरजीबीपेक्षा सुमारे पाव हिश्शाने मोठा. विंडोज सगळीकडे रंग सांभाळत नाही. लाइटरूम आणि फोटोशॉप सांभाळतात, पण त्यांना स्क्रीनचं प्रोफाइल, म्हणजे ती कुठला रंग कसा दाखवते याची नोंद, माहीत असलं तर. ते नसेल तर एसआरजीबीचा फोटो पी३वर ताणून दाखवला जातो, सगळं जरा जास्तच रसरशीत. मग काय होतं? आज तुम्ही रंग वाढवताय, उद्या कमी करायला लागाल. आज मैत्रिणी भडक म्हणतात, उद्या म्हणतील, 'यंदा कासला फुलं नव्हती का गं?' उपाय सोपा आहे. आसुसच्या माय-आसुसमध्ये स्क्रीनचा रंगपसारा निवडता येतो, तिथे एसआरजीबी निवडायचा. बाकी कंपन्यांच्या बऱ्याच ओलेड लॅपटॉपांतही अशी सोय असते, दुकानातच विचारून घ्या. लॅब एसआरजीबी घेते, व्हॉट्सअॅपवर एसआरजीबी जातं, मग तुमची स्क्रीनही त्याच भाषेत बोलू दे. हा पर्याय देणारा लॅपटॉप आणि न देणारा, यांत मी पहिल्यासाठी पाच हजार जास्त मोजेन.

४के नको. १४ इंचांवर १९२० बाय १२०० म्हणजे इंचाला साधारण १६० ठिपके, २८८० बाय १८०० म्हणजे २४०. दुसरा जास्त रेखीव दिसतो आणि पुरून उरतो. त्यापुढे फक्त बॅटरी खर्च होते. उलट फार बारीक ठिपक्यांच्या स्क्रीनवर फोटोतला दाणा, म्हणजे रवाळपणा, आणि किंचित हललेला फोकस लपतो, तेव्हा फोटो निवडताना १००% झूम करूनच बघा. स्क्रीनचा आकार मात्र १६:१०चा घ्या. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ३:२चा असेल, तो जुन्या १६:९च्या लांबट स्क्रीनवर उगाच लहान होतो.

आता दुकान. साताऱ्यात पाच-सहा मॉडेलं शेजारी ठेवून बघायला मिळतीलच असं नाही. पुण्याला एक फेरी मारा. जाताना पेनड्राइव्हवर तीन फोटो न्या. कासचा एक, ज्यात तेरडा आणि मिकी माऊस ही दोन्ही फुलं आहेत, गुलाबी आणि पिवळा शेजारी. हळदीचा एक, उन्हातला. आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी एक करडी पट्टी, जी फोटोशॉपमध्ये मिनिटात बनते. पट्टी सरळ वितळत जायला हवी. मध्ये पायऱ्या दिसल्या किंवा करड्यात हिरवट-गुलाबी छटा आल्या, तर तो लॅपटॉप बाजूला ठेवा. हळदीच्या फोटोत गालावर लावलेल्या हळदीचे थर वेगळे दिसतात का बघा. वाईट स्क्रीनवर तिथे पिवळा चिखल दिसतो. स्क्रीन मागे-पुढे झुकवा. फोटो उजळ-काळा होत असेल तर नमस्कार करून पुढे. डेमोवर लावलेला तो मोर आणि लाव्हारसाचा व्हिडिओ बंद करायला सांगा, आणि स्क्रीन 'व्हिव्हिड' मोडवर ठेवलेली असेल तर साध्यावर आणा. दुकानात इतका झगझगाट असतो की उजेडाचा अंदाज तिथे घेऊच नका.

भाच्याच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, ती सांगायला हवी. लाइटरूममध्ये २०२३पासून एआय डीनॉइज आहे, अंधारातल्या फोटोंचा दाणा ते कमालीचा स्वच्छ करतं, आणि तिथे ग्राफिक कार्ड जोरात धावतं. चांगल्या कार्डावर जे काम काही सेकंदांत होतं, त्याला हलक्या लॅपटॉपवर फोटोमागे मिनिट, कधी जास्तही लागतं. रोज शेकडो फोटोंना ते लावत असतात अशांनी भाच्याचं ऐकावं. तुम्ही छोटी लग्नं करता. अल्बमात जाणारे निवडक काळोखे फोटो रांगेत लावा आणि झोपायला जा, सकाळी तयार. त्यासाठी सव्वादोन-अडीच किलोचा लॅपटॉप आणि वर विटेएवढा चार्जर कॅमेऱ्याच्या बॅगेबरोबर एसटीत चढवायचा? शिवाय स्वस्त गेमिंग लॅपटॉपांत १४४ हर्ट्झच्या मोठ्या अक्षरांखाली तीच ४५ टक्क्यांची ओळ अनेकदा दडलेली असते. खेळाला वेग लागतो, तुम्हाला रंग लागतात.

मॅकबुक एअरचं सांगतो. २०२५मध्ये आलेली १३ इंची एम४ एअर: १.२४ किलो, ५०० निट्स, पूर्ण पी३, १६ जीबी रॅम, बाजारात आली तेव्हा ९९,९०० रुपये. तिची स्क्रीन घरी आणल्या दिवसापासून भरवशाची, मॅक रंगही नीट सांभाळतो, शिक्षकांना अॅपलची सवलतही मिळते. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी तिच्याकडेच बोट दाखवलं असतं. पण तुमची श्रीलिपी विंडोजवरची, डोंगलवाली. ती मॅकवर उचलून टाकता येणार नाही. जुन्या अल्बमच्या फायलींतली सगळी नावं, 'शुभविवाह'चे सगळे सुंदर फाँट, सगळं अडकेल. प्रत्येक अल्बमला नावांसाठी जुना लॅपटॉप उघडायचा, हे दोन महिन्यांत नकोसं होतं. त्याच कारणाने स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले विंडोज लॅपटॉपही टाळा. बॅटरी त्यांची अफलातून चालते, पण जुन्या डोंगलचा ड्रायव्हर त्यांच्यावर चालत नाही, तो खास त्यांच्यासाठी बनवलेला असावा लागतो.

नावं घ्यायची तर आसुसचा झेनबुक १४ ओलेड आधी बघा, सव्वा किलोच्या आसपास. मग लेनोव्होचा योगा स्लिम ७, त्यात स्क्रीनचे प्रकार बरेच आहेत, तेव्हा वर सांगितलेली नंबराची तपासणी तिथे जास्त काटेकोर. ओलेडचा त्रास झाला तर १००% एसआरजीबीची मॅट आयपीएस घ्या आणि अजिबात हळहळू नका. छपाईच्या कामाला ती कुठेही कमी पडत नाही. किमती रोज बदलतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये मोठी घसरण असते, पण तोवर कासचा हंगाम अर्धा सरलेला असेल.

बाकीचं भराभर. रॅम १६ जीबी, या पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच पक्की असते, नंतर वाढवू म्हणून ८ घेऊ नका. प्रोसेसर ५ की ७ यात जीव अडकवू नका. एसएसडी ५१२ जीबी. तुमच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल २५-३० एमबीची. एका लग्नाचे दीड हजार क्लिक धरले तरी ४५ जीबीपर्यंत जातात, म्हणून एक टीबीची बाहेरची एसएसडी लागेलच, आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी. कार्डाचा खाचा बहुतेक हलक्या लॅपटॉपांत नसतो, चांगला यूएसबी-सी रीडर घ्या. चार्जर यूएसबी-सीचा असेल तर उत्तम.

यंत्राने स्क्रीन जुळवणं, म्हणजे कॅलिब्रेशन, याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय हे उत्तर अर्धं राहील. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं छोटं यंत्र स्क्रीनवर ठेवलं की ते रंग मोजतं आणि प्रोफाइल बनवून देतं. त्यात आकडे भरायचे ते असे: ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १०० ते १२०. ओलेडला चालतं ना, एवढं बघून घ्या. यंत्राला दहा-वीस हजार जातात, ते एकट्याने कशाला घालवायचे? साताऱ्यातल्या फोटोग्राफर मंडळींत कुणाकडे असेल तर महिना-दोन महिन्यांतून एकदा मागून आणा, नसेल तर चौघांत मिळून घ्या. लॅपटॉप ज्या खोलीत वापरता तिथेच आणि त्याच दिव्याखाली जुळवा. खोलीच्या भिंती पोपटी किंवा गुलाबी असतील तर त्या रंगाचा परिणाम डोळ्यांवर होतो, निदान समोरच्या भिंतीवर पांढरी चादर टांगा. आणि एसटीत फोटो निवडायचे, रंग लावायचे नाहीत. खिडकीतलं ऊन दर वळणाला बदलतं.

तोवर स्क्रीनवर विश्वास नाही म्हणून हात बांधून बसायला नको. लाइटरूममध्ये फोटोवर कर्सर फिरवला की हिस्टोग्रामच्या आलेखाखाली लाल, हिरवा, निळा यांचे टक्के दिसतात. भटजींच्या पांढऱ्या उपरण्यावर, सावली नसलेल्या जागी, तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. निळा बराच पुढे असेल तर फोटो निळा आहे, स्क्रीन काहीही म्हणो. चेहऱ्यावर लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा. हळदीच्या फोटोत लालचा आकडा ९९-१००ला चिकटला असेल तर तिथला तपशील गेला म्हणून समजा, सॅच्युरेशन किंवा एक्स्पोजर खाली आणा. आकडे वाचायची ही सवय नव्या लॅपटॉपवरही सोडू नका.

लॅबशी एकदा नीट बोला. फाइल एसआरजीबी, ३०० डीपीआय, १२ बाय ३६ इंचांच्या शीटला ३६०० बाय १०८०० पिक्सेल, हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण लॅबमधला ऑपरेटर किंवा मशीन स्वतःहून 'करेक्शन' करतं का, हे विचारलंय का? तुम्ही निळा कमी केला आणि त्याने पुन्हा आपल्या अंदाजाने वाढवला, तर कुणाचं चुकलं ते कधीच कळायचं नाही. नवा लॅपटॉप जुळवून झाला की अल्बम पाठवण्याआधी चार-पाच फोटोंच्या ८ बाय १२च्या प्रिंट 'करेक्शन बंद' सांगून काढून आणा: एक हळद, एक रात्रीचं रिसेप्शन, एक पांढरे कपडे, एक कास. त्या स्क्रीनशेजारी धरून बघा.

कासबद्दल मात्र फार आशा लावू नका. सीतेची आसवं या फुलाचा तो निळा-जांभळा कुठल्याच लॅपटॉपवर पठारावर दिसतो तसा दिसणार नाही. स्क्रीन जांभळा रंग लाल आणि निळा मिसळून बनवते, आणि खऱ्या जांभळ्याचा काही भाग त्या मिश्रणाच्या बाहेरच पडतो. कॅमेराही तिथे गडबडतो. तिथे ह्यूची पट्टी निळ्याकडून जांभळ्याकडे किंचित सरकवून, आठवणीवर विसंबून काम करावं लागतं. एक लाखाचा लॅपटॉप घेतला तरी आणि तीन लाखांचा घेतला तरी.

शेवटचं बिलाचं. पक्कं बिल घ्या; जीएसटी नोंदणी असेल तर तुमचा नंबर त्यावर टाकून घ्या, लॅपटॉपवर १८ टक्के लागतो. सर्व्हिसवाला साताऱ्यात घरी येतो की पुण्याला पाठवायला लावतो, हे घेण्याआधी फोन करून विचारा. ऑनलाइन घेतलात तर बदलून देण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी लाल, हिरवी, निळी, पांढरी, काळी अशा कोऱ्या स्क्रीन उघडून मेलेला ठिपका आहे का बघा, करडी पट्टी बघा, श्रीलिपीचं डोंगल लावून एक नाव टाइप करून बघा. मुदत संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल माळ्यावर राहू द्या.